केदारेश्वर ते केदारनाथ : हिमनदी कोणती, बर्फाचा पट्टा कोणता?

बीड जिल्ह्यात, परळी वैजनाथ आणि अंबाजोगाई यांच्या परिसरात, धर्मापुरी हे गाव आहे. जुना किल्ला आणि केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर या दोन वास्तूंमुळे गावाचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मंदिराच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे पाहण्यासाठी दूरवरून जाणकार येतात. मात्र मंदिरातील देवाचे नाव या भूमीचे नाही, ते हिमालयातील केदाराचे आहे. मराठवाड्यातील उन्हाने तापणाऱ्या काळ्या दगडांच्या प्रदेशात शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी बर्फाच्या शिखराखालील देवाचे स्मरण करून हे मंदिर उभारले, ही गोष्ट धर्मापुरीला गेलेल्या प्रवाशाच्या मनात घोळत राहते.

या परिसरातील माणूस आजही केदाराकडे जातो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गढवालमधील मंदिरांची दारे उघडली की परळी, अंबाजोगाई, लातूर येथून प्रवासी मंडळी हरिद्वारची वाट धरतात. व्यापारी कुटुंबांत तर दुकानाची उन्हाळी गर्दी ओसरली की आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर निघते. जैन कुटुंबांनाही हिमालय परका नाही. प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांचे निर्वाणस्थान अष्टापद कैलासाच्या परिसरात असल्याची श्रद्धा परंपरेने चालत आलेली आहे. त्यामुळे या यात्रांमध्ये केवळ सहलीची हौस नसते, त्यामागे मोठी ओढ असते.

परंतु धर्मापुरीच्या माणसाला बर्फाची सवय नसते. त्याची जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाची आहे. त्याने पाहिलेला बर्फ म्हणजे कारखान्यातील लादी, लग्नसराईत भुशात गुंडाळून आणलेली. अशा माणसाला गौरीकुंडावरून चढताना दरीच्या कडेला पहिला पांढरा ढीग दिसतो, घोडेवाला हात करून ‘ग्लेशियर’ असे सांगतो, छायाचित्रे निघतात आणि घरी परतल्यावर ‘आम्ही हिमनदी पाहिली’ असे सांगितले जाते. बहुतेक वेळा ती हिमनदी नसते, हे मात्र कोणी सांगत नाही.

केदारनाथच्या पायवाटेवर लिंचोलीच्या पुढे ‘भैरव ग्लेशियर’ आणि ‘कुबेर ग्लेशियर’ अशी दोन नावे प्रसिद्ध आहेत. वृत्तपत्रांतही तीच छापली जातात. हेमकुंडाच्या वाटेवरील ‘अटलाकोटी ग्लेशियर’चेही तसेच. यात्रेपूर्वी मजूर आणि जवान तेथील बर्फ कापून वाट करतात, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच भिंती उभ्या राहतात आणि त्यांमधून यात्रेकरू जातात. दृश्य भव्य असते, यात शंका नाही. पण हा बर्फ येतो कोठून? हिवाळ्यात वरच्या उतारांवर साठलेले हिम ओढ्याच्या अरुंद घळीतून घसरत खाली येते आणि दाबून बसते. घळीत ऊन कमी, ढीग जाड, म्हणून तो मे-जूनपर्यंत टिकतो. पावसाळा सरता सरता तो बहुतेक नाहीसा होतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा साठतो. भूगोलाच्या भाषेत तो हिमस्खलनाचा साठून राहिलेला बर्फ आहे. त्याला बर्फाचा पट्टा म्हणावे, हिमनदी म्हणू नये.

मग हिमनदी कशाला म्हणावे? अभ्यासकांनी ठरवलेल्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत. बर्फ बारमाही असला पाहिजे, म्हणजे एका उन्हाळ्यानंतरही उरून वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. तो जमिनीवर, हिमापासूनच घडलेला असला पाहिजे. आणि तो स्वतःच्या वजनाने वाहत असल्याची, निदान पूर्वी वाहिल्याची, खूण दिसली पाहिजे. यांतील तिसरी अट निर्णायक आहे. मराठीने ‘हिमनदी’ हा शब्द योजला आहे आणि त्यातील ‘नदी’ हा अर्धा भाग हीच अट सांगतो. जे वाहत नाही, ते कितीही पांढरे आणि कितीही मोठे असले तरी नदी नव्हे.

हिमाचा बर्फ आणि बर्फाची नदी कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे. ताजे पडलेले हिम पिंजलेल्या कापसासारखे असते. त्याच्या एका घनमीटरचे वजन १०० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. त्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, मग त्याच्या पुढच्या वर्षीचा. दाबाखाली कण गोल होतात, त्यांतील हवा निघून जाते, साखरेच्या दाण्यांसारखा दाणेदार बर्फ तयार होतो. आणखी दाब पडला की हवेचे मार्ग बंद होऊन निळसर, घट्ट बर्फ होतो आणि त्याच घनमीटरचे वजन ९०० किलोच्या जवळ जाते. अशा घट्ट बर्फाची जाडी साधारणपणे ३० मीटरच्या पुढे गेली, म्हणजे आठ-दहा मजली इमारतीएवढी झाली, की तळचा बर्फ वरच्या वजनाखाली आपला आकार बदलू लागतो आणि उताराकडे सरकतो. गती डोळ्यांना दिसत नाही, पण ती असते. बर्फाच्या पट्ट्याला ही जाडी गाठता येत नाही, म्हणून तो जेथे पडतो तेथेच वितळतो.

लहान हिमनदी आणि मोठा बर्फाचा पट्टा यांतील फरक ओळखताना तज्ज्ञांचीही कसोटी लागते. गंगोत्रीसारख्या सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या हिमनदीबद्दल कोणाला प्रश्न पडत नाही. प्रश्न पडतो तो शिखराखालच्या एखाद्या खोबणीत बसलेल्या लहानशा पांढऱ्या तुकड्याबद्दल. जागतिक नोंदीसाठी ०.०१ चौरस किलोमीटर ही किमान मर्यादा साधारणपणे धरली जाते. ती १ हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर होते. धर्मापुरीच्या शेतकऱ्याच्या एखाद्या शेताएवढाच हा तुकडा. त्याहून लहान बर्फ मोजणीत घेत नाहीत, कारण उपग्रहाच्या चित्रात तो हिमनदी आहे की राहिलेले हिम, हे खात्रीने सांगता येत नाही. दोहोंच्या मधला एक प्रकारही मानला जातो. सलग निदान २ वर्षे टिकणारा, पण पृष्ठभागावर वाहण्याची ठळक खूण नसलेला लहानसा बर्फ. त्याला ‘ग्लेशियरेट’ म्हणतात.

ओळख पटवण्याची पहिली युक्ती म्हणजे योग्य वेळी पाहणे. मे महिन्यात सारा डोंगर पांढरा असतो, तेव्हा निवाडा होत नाही. पर्युषण संपून अनंत चतुर्दशी उलटली आणि पाऊस ओसरला की वितळण्याचा हंगाम संपतो आणि नवे हिम अजून पडलेले नसते. त्या थोड्या दिवसांत जे उरलेले दिसते तेच विचारात घेण्याजोगे. हिमनदीचे अभ्यासक आपले वर्षही असेच मांडतात. त्यांचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३० सप्टेंबरला संपते. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालणाऱ्या घरांना हा हिशेब परका वाटू नये. वर्षभर पडलेले हिम ही जमा, वितळून गेलेले पाणी हा खर्च, आणि वर्षअखेर जे राहिले ती शिल्लक. देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ हिमनदीत खुंट्या रोवून, हिमात खड्डे खणून ही जमा-खर्चाची मांडणी वर्षानुवर्षे करत आले आहेत. बर्फाच्या पट्ट्याची शिल्लक बहुधा शून्य होते. जमा झाले तेवढे त्याच वर्षी संपते. हिमनदीजवळ मात्र मागील शतकांची पुंजी असते आणि वाईट वर्षी ती त्यातून खर्च करते.

दुसरी युक्ती म्हणजे वाहण्याच्या खुणा शोधणे. बर्फ वाहतो तेव्हा तो ताणला जातो आणि त्यात खोल आडव्या भेगा पडतात. डोंगराच्या भिंतीपासून तो सुटतो तेथेही मोठी फट दिसते. सोबत आणलेले दगडगोटे तो कडेला आणि तोंडाशी रचतो, त्या ढिगांना हिमोढ म्हणतात. तळाशी अडकलेले दगड खडकाला घासून त्याचे पीठ करतात, म्हणून हिमनदीतून निघणारे पाणी दुधाळ, राखाडी असते. पट्ट्याखालून येणारा ओहोळ बहुधा स्वच्छ असतो. पट्ट्याचा पृष्ठभाग सलग किंवा पाण्याने वाटीवाटीसारखा खळगे पडलेला दिसतो, पण त्यात ताणाच्या भेगा नसतात.

घासण्याच्या या खुणेने महाराष्ट्राचीही एक जुनी हकिकत उघड केली आहे. चंद्रपूरच्या परिसरात इरई येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांना चुनखडीचा एक गुळगुळीत घासलेला खडक आढळला. त्यावर समांतर ओरखडे होते आणि वरच्या थरातील दगडगोट्यांवरही तसेच ओरखडे होते. त्यांनी ही माहिती १८७५ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत दक्षिण गोलार्धातील मोठ्या भूखंडाचा भाग असताना, या भूमीवर बर्फाचे आवरण होते, याचा तो पुरावा मानला जातो. स्थिर पडलेले हिम वितळून जाते आणि मागे काही ठेवत नाही. चालणारा बर्फ दगडाला धरून घासत जातो, त्यामुळे ३० कोटी वर्षांनंतरही त्याची रेघ वाचता येते. धर्मापुरीच्या खाली जो काळा दगड आहे तो या घटनेच्या फार नंतरचा. तरी विदर्भातील ही रेघ आणि केदारनाथच्या वरची हिमनदी यांना एकच नियम लागू होतो.

केदारनाथच्या वर खरी हिमनदी आहे. तिचे नाव चोराबारी. ३,५८३ मीटर उंचीवरील मंदिराच्या मागे ती सुमारे ७ किलोमीटर लांब पसरली आहे. पण तेथपर्यंत गेलेला यात्रेकरू अनेकदा तिला ओळखत नाही. तिचा खालचा मोठा भाग दगडमातीने झाकलेला आहे. समोर दिसते ती राखाडी ढिगाऱ्यांची उंचसखल रांग, बर्फ केवळ भेगांमध्ये आणि कड्यांवर डोकावतो. म्हणजे वाटेवरचा स्वच्छ पांढरा ढीग हिमनदी नसतो आणि मंदिरामागचा मळकट दगडांचा पसारा हिमनदी असतो. रंगावरून निवाडा करणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. दगडांचा हा थर जाड असेल तेथे तो खालच्या बर्फाचे उन्हापासून रक्षणही करतो, म्हणून अशा हिमनद्यांचे तोंड हळू मागे सरते, पण वरून बर्फ पातळ होत राहतो. १९६२ नंतरच्या सुमारे अर्धशतकात चोराबारीचे तोंड साडेतीनशे मीटरच्या आसपास मागे सरकल्याची नोंद वाडिया संस्थेच्या अभ्यासात आहे.

नावात चूक झाली तर बिघडले कोठे, असे एखादा व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तर जून २०१३ मध्ये केदारनाथनेच दिले. १६ आणि १७ जूनच्या प्रलयानंतर ‘हिमनदी फुटली’ असे सर्वत्र बोलले गेले. प्रत्यक्षात फुटले ते चोराबारी ताल, ज्याला गांधी सरोवर असेही म्हणत. हिमनदीच्या कडेच्या हिमोढाने अडवलेले हे तळे हिमनदीच्या प्रवाहाने भरत नसे. वितळलेले हिम आणि पाऊस हेच त्याचे पाणी. त्या जूनमध्ये पाऊस लवकर आणि विलक्षण जोराने आला, वरच्या उतारांवर हिम अजून शिल्लक होते, दोन्ही पाणी एकत्र आले आणि १७ जूनच्या सकाळी बांध फुटला. हजारो जीव गेले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत ऋषीगंगेला पूर आला तेव्हाही पहिल्या बातम्यांत ‘हिमनदी फुटल्याचे’ सांगितले गेले. नंतरच्या अभ्यासातून दिसले की रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा सुमारे २.७ कोटी घनमीटरचा कडा तुटून पडला होता आणि त्यात खडकच अधिक होता. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. संकट नेमके कशाचे, हे न ओळखता पहारा कोठे ठेवायचा, हे ठरत नाही.

यात्रेकरूच्या जिवाशीही हा भेद निगडित आहे. ओढ्यावर आडवा पसरलेला बर्फाचा पट्टा वरून घट्ट दिसतो, पण त्याच्या पोटातून वाहणारे पाणी आतून तो पोखरत असते. दुपारी ऊन वाढले की त्याचे छत पातळ होते. अशा पट्ट्यावर चढून किंवा त्याच्या कमानीखाली उभे राहून छायाचित्र काढणे हे मोठे धाडस आहे आणि त्यातून काही मिळवायचे नसते. घळीत साठलेला बर्फ याचा अर्थच असा की वरून बर्फ येथे कोसळतो. म्हणून कापलेल्या भिंतींमध्ये थांबू नये, विश्रांतीसाठी बसू नये, मुलांना कडेला खेळू देऊ नये आणि तेथील सुरक्षारक्षकांनी पुढे चला म्हटले की लगेच निघावे.

तिसरी गोष्ट पाण्याच्या मोजणीची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सूचीत भारतीय हिमालयात ९,५७५ हिमनद्या नोंदलेल्या आहेत. यांतील पुष्कळ लहान आहेत. हिमाने झाकलेल्या महिन्यातील चित्र वापरून मोजणी केली तर पट्टेही हिमनद्यांत जमा होतात आणि पुंजी आहे त्याहून अधिक दिसते. दगडाखाली दडलेली हिमनदी सुटली तर ती कमी दिसते. सर्वांत फसवे ते तिसरे. हिमनदी पातळ होत होत वाहणे थांबवते, तरीही तिच्या जागी पांढरा तुकडा वर्षानुवर्षे दिसत राहतो. पाहणाऱ्याला वाटते हिमनदी आहे, आणि ती तर संपलेली असते.

आइसलंडमध्ये ओक नावाच्या डोंगरावरील हिमनदीचे असेच झाले. २०१४ मध्ये तेथील हिमनदीतज्ज्ञांनी जाहीर केले की तिची जाडी वाहण्यास पुरेशी उरलेली नाही, सबब तिला हिमनदी म्हणता येणार नाही. बर्फ तेव्हाही तेथे होता. २०१९ मध्ये त्या जागी स्मृतिफलक बसवण्यात आला. व्हेनेझुएलातील शेवटची हम्बोल्ट हिमनदी आक्रसून दोन हेक्टरांच्या आत आली आणि २०२४ मध्ये तिचीही गणना हिमनद्यांतून काढली गेली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे हिमनद्यांच्या संवर्धनाचे वर्ष आणि २१ मार्च हा हिमनद्यांचा दिवस म्हणून जाहीर केला, त्यामागे अशा घटनांचीच पार्श्वभूमी आहे.

हा विषय समजण्यास धर्मापुरीच्या माणसाला अडचण पडू नये. बर्फ त्याने पाहिला नसेल, पण पाण्याचा भेद त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसाळ्यानंतर ओढ्यात तुंबलेला डोह आणि जिवंत झऱ्याची विहीर या दोहोंत पाणीच असते. दिवाळीला दोन्ही भरलेले दिसतात. चैत्रात डोहाच्या जागी भेगाळलेला चिखल असतो आणि विहिरीत पोहरा बुडतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या भागाने पाहिले की मोठा दिसणारा साठाही आवक थांबली की किती लवकर तळ गाठतो. बर्फाचा पट्टा हा तुंबलेला डोह आहे. त्याचाही उपयोग असतो. वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी तो खालच्या ओढ्यांना पाणी देतो, कुरणे हिरवी ठेवतो. पण भरवसा ठेवावा तो विहिरीवर, आणि विहिरीचे झरे आटू लागले आहेत का, हे दरवर्षी पाहावे.

केदारनाथला जाणाऱ्या कुटुंबांनी वाटेवरचा पांढरा ढीग जरूर पाहावा, सुरक्षित अंतरावरून मुलांनाही दाखवावा आणि तो हिवाळ्याचा राहिलेला बर्फ आहे, एवढे सांगावे. मग मंदिराच्या मागे वर दिसणाऱ्या राखाडी दगडांच्या रांगेकडे बोट दाखवून तीच हिमनदी असल्याचे सांगावे. तिच्यातून निघणारी मंदाकिनी रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते आणि पुढे देवप्रयागला गंगा होते. धर्मापुरीतील केदारेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्यांनाही हे ठाऊक असावे, की ज्याच्या नावाचे हे मंदिर आहे, त्या केदाराच्या मस्तकावरची हिमनदी अजून वाहत आहे आणि दर वर्षी थोडी कमी होत आहे.